शार्ल पाचव्याचा दस्त घेताना: आधी खालची कड, मग पाठ, राजाचं नाव शेवटी

प्रश्न असा आला आहे: पॅरिसच्या एका लिलावाच्या यादीत "राजा शार्ल पाचवा याची सनद, चर्मपत्र, पॅरिस, १५ फेब्रुवारी १३७४, राज्यारोहणाचं अकरावं वर्ष, राजाच्या सहीसह, शिक्का गहाळ" अशी नोंद आहे. आकार सुमारे १४ बाय ३० सेंटिमीटर. भाषा फ्रेंच. एका सरदाराला लढाईच्या खर्चापोटी २०० सोन्याचे फ्रँक द्यावेत असा मजकूर. दस्त अस्सल असेल का, वर्णन बरोबर आहे का, आणि पुण्यात बसून तो घ्यावा का?

अस्सल असण्याची शक्यता चांगली आहे. वर्णनात मात्र तीन चुका दिसतात: ही सनद नाही, साल १३७४ नाही, आणि "राजाची सही" ही बहुतेक राजाची नाही. यातली कुठलीच चूक फसवणुकीच्या हेतूने केलेली असेल असं नाही. यादी बनवणारे पहिली ओळ वाचतात, राजाचं नाव दिसलं की थांबतात. पण चौदाव्या शतकातला फ्रेंच राजाचा कागद हा मुळात कचेरीचा कागद आहे. त्याची जात पहिल्या ओळीत ठरत नाही, खालच्या कडेला ठरते. त्याचा प्रवास पाठीवर लिहिलेला असतो.

म्हणून खालच्या कडेपासून सुरुवात करू. आपल्याकडच्या शिवकालीन किंवा पेशवाईतल्या कागदावर शिक्का आणि मोर्तब शाईने उमटवलेले असतात. फ्रान्समधला शिक्का मेणाचा, कागदाला लोंबणारा. तो कशाने लोंबतो आणि मेण कोणत्या रंगाचं, यावरून दस्ताचा दर्जा कळतो. पहिला प्रकार कायमस्वरूपी हक्क देणारी सनद: उमरावपद, चर्चला जमीन धारण करायची परवानगी, गावाच्या हक्कांना दुजोरा, खुनाची माफी. हिला हिरवं मेण, आणि ते लाल-हिरव्या रेशमी दोऱ्यांवर. चर्मपत्राची खालची कड दोन-चार बोटं वर दुमडलेली असते, त्या दुमडीला भोकं पाडून दोरे ओवलेले असतात. मजकुरात "आत्ता असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्वांना" असा मायना येतो आणि तारखेत फक्त महिना आणि साल असतं, दिवस नसतो. दुसरा प्रकार ठरावीक मुदतीच्या किंवा तात्पुरत्या कामाचं खुलं पत्र. त्याला पिवळं मेण. दुमडीत आडवी चीर पाडून त्यातून चर्मपत्राची वेगळी पट्टी ओवतात आणि तिची दोन्ही टोकं शिक्क्यात एकत्र येतात. म्हणून तिला दुहेरी शेपटी म्हणतात. मायना "ही पत्रं जे पाहतील त्या सर्वांना", आणि तारखेत दिवस असतो.

तिसरा प्रकार हुकूमनामा, फ्रेंचमध्ये मांदमां. इथे खालची कड दुमडलेलीच नसते. चर्मपत्राच्या तळाशी उजवीकडून डावीकडे कापत जाऊन एक पट्टी डाव्या टोकाला जोडलेली ठेवतात. हीच एकेरी शेपटी, आणि शिक्का तिच्यावर. तिच्या खाली बरेचदा आणखी एक बारीक पट्टी असते. दस्ताची घडी घातल्यावर ती भोवती गुंडाळायची. ही अगदी साधी रचना आहे, आणि बाजारात येणाऱ्या राजाच्या कागदांत ती वारंवार दिसते. डॉफिने प्रांताच्या कामाला लाल मेण वापरत, हा अपवाद लक्षात ठेवा.

याचा फायदा असा की शिक्का गेला तरी पुरावा जात नाही. दुमडीत भोकं असतील तर रेशमी दोरे होते. आडवी चीर असेल तर दुहेरी शेपटी. तळाची डावी बाजू पायरीसारखी कापलेली आणि फाटलेलं टोक उरलेलं असेल तर एकेरी शेपटी. तुमच्या दस्ताचा आकार, "द्यावेत" हा आदेश आणि दिवसासकट तारीख पाहता हा हुकूमनामाच आहे. दलालाकडून तळाचा फोटो मागवा. तिथे दुमडीचा मागमूस नसेल तर "सनद" हा शब्द विसरा, आणि त्या शब्दापोटी चढवलेली किंमतही.

कधी कधी तळाची कड सरळ, स्वच्छ कापलेली असते. एकोणिसाव्या शतकात चौकटीत बसवण्यासाठी किंवा वहीत चिकटवण्यासाठी असे कितीतरी दस्त छाटले गेले. अशा वेळी शेपटीही गेलेली आणि कधी कारकुनाची सहीही अर्धी गेलेली. त्याची किंमत कमीच धरावी.

हुकूमनाम्याचा मजकूर साच्यातला असतो. सुरुवातीला "शार्ल, देवाच्या कृपेने फ्रान्सचा राजा", मग युद्धासाठी बसवलेल्या करांचे अधिकारी किंवा खजिनदार यांना उद्देशून सलाम, मग अमक्याला इतके फ्रँक द्या, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: हे पत्र आणि घेणाऱ्याची पावती दाखवल्यावर ही रक्कम तुमच्या हिशेबात मंजूर धरली जाईल. म्हणजे हुकूमनामा पैसे मिळणाऱ्याकडे राहत नसे. तो आणि पावती जोडीने खजिनदाराच्या दफ्तरात, आणि तिथून तपासणीसाठी पॅरिसच्या शांब्र दे कोंत या हिशेब-कचेरीत जात. जोडीतली पावती आकाराने आणखी लहान. ती "सर्वांनी जाणावं की मी अमुक" अशी सुरू होते, पुढे "युद्ध-खजिनदार झाँ ल फ्लामाँ यांच्याकडून मिळाले" असं येतं, आणि खाली घेणाऱ्याचा नखाएवढा ते रुपयाएवढा लाल मेणाचा शिक्का. हुकूमनामा आणि त्याचीच पावती एकत्र विकायला निघाली तर ती जोडी फोडू देऊ नका. दोन सुट्या तुकड्यांपेक्षा जोडीचं मोल अभ्यासाच्या दृष्टीने कितीतरी जास्त.

या कचेरीला ऑक्टोबर १७३७ मध्ये आग लागली आणि दफ्तराचा मोठा भाग जळाला. क्रांतीनंतर जुनी चर्मपत्रं रद्दी म्हणून विकली गेली, तोफेच्या दारूच्या पिशव्या करायलाही वापरली गेली. त्याआधीच वंशावळी जमवणाऱ्या विद्वानांनी हजारो तुकडे बाजूला काढले होते. त्यांतल्या क्लेरांबोचा संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ब्ल्वा इथल्या हिशेब-कचेरीतले ऑर्लेआंच्या ड्यूकांचे कागद जूर्सांव्हो नावाच्या सरदाराच्या संग्रहात गेले. त्या संग्रहाची यादी १८३८ मध्ये छापून तो विकला गेला आणि त्यातले बरेच कागद आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्लंडच्या सर थॉमस फिलिप्सनेही अशी चर्मपत्रं ढिगाने घेतली, आणि त्याचा संग्रह पुढे कित्येक दशकं लिलावांत फुटत राहिला. राजाचा सहाशे वर्षांपूर्वीचा कागद खाजगी माणसाला आजही विकत मिळतो तो यामुळे.

आता तारीख. फ्रान्सच्या राजकचेरीत त्या काळी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, ईस्टरला सुरू होई. हा रिवाज मोडणारा हुकूम १५६४ चा. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि ईस्टरपर्यंतचा मार्च-एप्रिल जुन्याच वर्षात मोजला जाई. "१५ फेब्रुवारी १३७४" म्हणजे आपल्या हिशेबाने १५ फेब्रुवारी १३७५. पडताळा दस्तातच आहे. शार्ल पाचव्याची राज्यवर्षं ८ एप्रिल १३६४ पासून मोजतात. अकरावं वर्ष ८ एप्रिल १३७४ ते ७ एप्रिल १३७५. फेब्रुवारी १३७५ त्यात बसतो. फेब्रुवारी १३७४ हे दहावं वर्ष ठरलं असतं. दोन्ही आकडे जुळले, याचा अर्थ कारकून आपलं काम जाणत होता. बनावट करणारा नेमका इथे घसरतो, कारण तो आजच्या पंचांगाने साल मोजतो.

ईस्टर सरकता सण असल्यामुळे एक मजेशीर पेच पडतो. १३७४ साली ईस्टर २ एप्रिलला होता, १३७५ साली २२ एप्रिलला. म्हणून "१३७४" या जुन्या वर्षात २ ते २१ एप्रिल या तारखा दोनदा आल्या. कारकून अशा वेळी "ईस्टरनंतर" किंवा "ईस्टरपूर्वी" असं पुढे जोडतात. ते शब्द झिजलेले असतील तर राज्यवर्षावरून निर्णय करता येतो. १० एप्रिल "अकरावं वर्ष" असेल तर १३७४, "बारावं" असेल तर १३७५.

कोणता शार्ल, हाही प्रश्नच असतो. दस्तांत राजे स्वतःला क्रमांक लावत नसत. चौथा, पाचवा, सहावा, सातवा, आठवा, सगळे नुसते "शार्ल". चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राज्यवर्ष नेमाने येतं म्हणून काम सोपं होतं. त्याआधीच्या "फिलिप"मध्ये घोळ जास्त. काही खुणा पाठ असाव्यात. "फ्रान्स आणि नाव्हारचा राजा" अशी पदवी मध्ययुगात फक्त १३१४ ते १३२८ मधल्या राजांची. नाणं म्हणून "फ्रँक" डिसेंबर १३६० च्या आधी असूच शकत नाही, कारण ते नाणंच तेव्हा झाँ दुसऱ्याने सुरू केलं. १४२२ ते १४३६ या काळात "पॅरिस इथे दिलं" असं लिहिलेला शार्ल सातव्याचा दस्त दिसला तर हात आखडता घ्या. पॅरिस तेव्हा इंग्रज पक्षाच्या ताब्यात होतं आणि तिथून "फ्रान्स आणि इंग्लंडचा राजा हेन्री" याच्या नावाने पत्रं निघत होती. शिक्क्याचा तुकडा उरला असेल तर ढालीवरची कमळासारखी फुलं मोजा. भरभर पेरलेली फुलं जुनी. तीनच फुलं शार्ल पाचव्याच्या अखेरच्या वर्षांपासून.

रकमा वाचताना रोमन आकड्यांवर डोळ्यांत तेल घालून पाहा. फ्रेंच कारकून विसाच्या पटीत मोजतात. चार उभ्या रेघांवर बारीक "दोन एक्स" म्हणजे चार वीस, अर्थात ८०. यादीकार तिथे २४ वाचून मोकळे होतात. एक लिव्र म्हणजे २० सू, एक सू म्हणजे १२ दनिए. पॅरिसच्या चलनातले ४ लिव्र म्हणजे तूर शहराच्या चलनातले ५. फ्रँक तूरच्या एका लिव्रएवढा.

आता "राजाची सही". उजवीकडे तळाशी "पार ल र्वा" आणि पुढे एक नाव अशी ओळ असते. तिचा अर्थ "राजाच्या आज्ञेवरून", आणि नाव असतं चिटणिसाचं. दस्त कोणाच्या तोंडी हुकमाने तयार झाला, याची ती कचेरीची नोंद. "मंडळाच्या आज्ञेवरून", "हिशेब-अधिकाऱ्यांच्या आज्ञेवरून" अशाही ओळी येतात. त्यांत हजर असलेल्या सरदारांची नावं असली तर इतिहासकाराला त्यांचं मोल मोठं. पण ही राजाची सही नाही. शार्ल पाचवा काही पत्रांवर स्वतः सही करी, हे खरं आहे. ती सही "शार्ल" एवढीच, वेगळ्या हाताची आणि मजकुरापासून सुटी असते. तशी खरोखर असेल तर दस्ताची किंमत कित्येक पटींनी वाढते, म्हणून या एका मुद्द्यावर पुरावा मागायचाच. पुढच्या शतकात आणखी गुंता आहे: लुई अकराव्याच्या चिटणिसांना राजाच्या सहीसारखी सही करण्याची मुभा होती. "लुई" दिसलं म्हणून स्वहस्ताक्षर, असं धरून चालत नाही.

सनदांच्या दुमडीवर "व्हिसा" आणि "कोंतेंतोर" हे शब्द सापडतात. पहिला म्हणजे "पाहिलं" अशी तपासणीची खूण, दुसरा म्हणजे शुल्क पोचल्याची. पाठीवर "रेजिस्त्राता" असेल तर ती सनद राजाच्या नोंदवहीत उतरवली गेली. या नोंदवह्या पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात "जेजे" या मालेत आहेत. १३०२ ते १४८३ च्या वह्या स्कॅन करून यंत्राने शोधता येतील अशा केल्या आहेत. सनद विकत घेण्याआधी तिथे नाव शोधणं हे अर्ध्या तासाचं फुकट काम आहे आणि ते न करता बोली लावणारे लोक पाहून आश्चर्य वाटतं. हुकूमनामे मात्र सहसा या वह्यांत नसतात. तुमच्या दस्तासाठी तो मार्ग बंद.

बाजारात राजाचा म्हणून विकला जाणारा आणखी एक प्रकार विदिमुस. म्हणजे पॅरिसच्या शातले न्यायालयाचा प्रमुख "आम्ही राजाचं पत्र पाहिलं, ते असं" म्हणून आपल्या शिक्क्याखाली देतो ती प्रमाणित नक्कल. आतला मजकूर शब्दशः राजाचा, पण बाहेरचा दस्त राजाचा नाही आणि काळही नंतरचा असू शकतो. पहिली ओळ पूर्ण वाचली तर चूक होत नाही. वाईट वस्तू नव्हे. फक्त किंमत वेगळी.

अस्सलपणाची तपासणी फोटोवरून बऱ्यापैकी होते, फोटो योग्य मागितले तर. पुढची बाजू, पाठ, तळ जवळून, बाजूने तिरपा प्रकाश टाकून एक, अतिनील दिव्याखाली एक, सगळ्यांत मोजपट्टी ठेवलेली.

चर्मपत्राला दोन बाजू असतात. मांसाकडची पांढुरकी, तिच्यावर मजकूर. केसांकडची पिवळसर, तिच्यावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके, तीच बहुधा पाठ. दस्त शतकानुशतकं घडी घालून ठेवलेला असतो, म्हणून पाठीचा एकच चौकोन बाहेर राहतो. तोच चौकोन काळपट, घासलेला, आणि तिथेच सतराव्या-अठराव्या शतकातल्या अक्षरात दफ्तराचा क्रमांक आणि एक ओळीचा गोषवारा. बाकीचे चौकोन त्या मानाने उजळ. मळ घडीच्या नकाशाप्रमाणे बसलेला नसेल, सगळीकडे सारखा तपकिरी असेल, तर तो काळाने बसलेला नाही, चहाने किंवा धुराने बसवलेला आहे.

शाई माजूफळ, हिराकस आणि डिंक यांची. ती कातड्यात मुरते, कालांतराने काळ्याची तपकिरी होते, आणि जिथे टाक दाबला तिथे गडद राहते. भिंगाखाली घडीची रेघ ओलांडणारं अक्षर शोधा. खऱ्या दस्तात आधी अक्षर, मग घडी. म्हणून शाई घडीवर झिजून तुटते. शाई घडीच्या भेगेत उतरून पसरलेली दिसली तर घडी आधीची आणि लेखन नंतरचं. किड्याच्या भोकाभोवती अक्षर वळसा घालून गेलं असेल तर तेच. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चर्मपत्र निळसर चमकतं आणि माजूफळाची शाई काळी उठते, फिकट अक्षरंही वाचता येतात. खरवडून बदललेलं नाव किंवा आकडाही तिथेच उघडा पडतो. मजकुरावर मोठे तपकिरी ढग दिसले तर घाबरू नका. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक फिकट अक्षर वाचायला माजूफळाचा अर्क चोपडत, त्याचे ते डाग. डाग जात नाहीत, घालवायचा प्रयत्नही करू नये.

संपूर्ण बनावट दस्त साध्या हुकूमनाम्यांत क्वचित, कारण मेहनतीच्या मानाने पैसा थोडा. बनावट होते ती जिथे घराण्याचा मान विकायचा असतो. १८४० च्या दशकात व्हर्सायच्या राजवाड्यात धर्मयुद्धांचं, म्हणजे क्रूसेडचं, दालन उघडलं आणि पूर्वज धर्मयुद्धात होता असा कागद दाखवणाऱ्या घराण्याची ढाल तिथे लागू लागली. लगेच कुर्त्वा नावाच्या माणसाकडून जेनोआच्या सावकारांकडे घेतलेल्या कर्जांची चर्मपत्रं "सापडू" लागली. घराणी पैसे मोजत होती, विद्वानही फसले. १९५६ मध्ये रोबेर-आंरी बोतिए याने तो सगळा संग्रह खोटा असल्याचं दाखवून दिलं. ते तुकडे अजून फिरतात. धर्मयुद्धाशी जोडणारा सुटा कर्जरोखा दिसला तर आधी ही शंका.

त्याहून जास्त सापडते ती "सुधारणा": अस्सल दस्ताला दुसऱ्याचा शिक्का जोडणं, किंवा पहिल्या अक्षरात नंतर रंग-सोनं भरणं. शिक्का जोडलेला असेल तर पट्टीची झीज आणि चिरेची झीज जुळत नाही, पट्टीचा रंग वेगळा, मेणात सांधा. शाही सिंहासन-शिक्का साधारण नऊ-दहा सेंटिमीटरचा असतो. तो अखंड आणि चकाकता, पण दस्त मात्र उंदरांनी खाल्लेला, अशी जोडी संशयास्पद. पहिल्या "शार्ल" मधली लांब नक्षीदार कलमकारी खरी असते आणि शाईनेच केलेली असते. राजाचं चित्र काढलेली आद्याक्षरं शार्ल पाचव्याच्या काळातल्या निवडक सनदांवर आहेत. २०० फ्रँकच्या हुकूमनाम्यावर रंगीत चित्र असण्याचं कारणच नाही.

किंमतीबद्दल ढोबळ अंदाज द्यायचा तर सामान्य सैनिकाची पावती काही शे युरोंत मिळते, शिक्का गेलेला साधा शाही हुकूमनामा त्याच्या वर, आणि शिक्का शाबूत असलेली रेशमी दोऱ्यांची सनद कित्येक हजारांत. खरी किंमत मजकूर ठरवतो. शार्ल पाचव्याचा सेनापती द्यु गेक्लाँ याचं नाव आलं, एखाद्या वेढ्याचा किंवा किल्ल्याच्या बांधकामाचा उल्लेख आला, की लिलावात दोन जण भिडतात. तुमच्या दस्तातला सरदार कोण आणि लढाई कुठली हे यादीत नाही, म्हणजे यादीकाराला ते वाचता आलेलं नाही. वाचता येणाऱ्या खरेदीदाराचा फायदा इथेच आहे. चांगला फोटो घेऊन फ्रेंच पुरालिपी वाचणाऱ्याकडून आठ-दहा ओळींचं लिप्यंतर करून घ्या. त्याचा खर्च हातोडा पडण्याआधीचा सगळ्यात शहाणा खर्च. लिलावगृहाचा अधिभार २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास धरूनच कमाल बोली ठरवा.

कायद्याची बाजू दुर्लक्षू नका. फ्रान्समध्ये सरकारी अभिलेख कितीही काळ खाजगी हातात राहिला तरी सरकारचाच राहतो, आणि सरकार तो परत मागू शकतं. राजाने खाजगी माणसाला दिलेली सनद त्या माणसाच्या घराण्याची, तिथे अडचण कमी. मठाला दिलेली सनद नाजूक, कारण नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. हिशेब-कचेरीचे हुकूमनामे दोन शतकं उघड विकले जात आहेत, पण पाठीवर एखाद्या जिल्हा अभिलेखागाराचा ठसा असेल तर तो दस्त घेऊच नका. लेखी मालकी-इतिहास मागा: कोणत्या संग्रहातून, कोणत्या वर्षीच्या विक्रीतून. लिलावात सरकारला हातोडा पडताच मध्ये पडून त्याच किंमतीला वस्तू घेण्याचा हक्क आहे आणि ते १५ दिवसांत पक्कं करतात. तोवर वस्तू तुमची झाली असं समजू नका. युरोपीय संघाबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो. संघाच्या नियमात ५० वर्षांहून जुने अभिलेख किंमत न पाहता येतात. परवान्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाका आणि तसं पावतीत लिहून घ्या.

इकडच्या बाजूला एक खाच आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्त पुरावस्तू ठरतो, आणि खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे पुण्यात आणलेला दस्त पुढे लंडनला विकायचा म्हटलं तर अडकण्याची शक्यता मोठी. मुलं परदेशात आहेत, संग्रह पुढे तिकडे जाणार, अशी स्थिती असेल तर दस्त युरोपातच ठेवणं बरं. आणायचाच असेल तर फ्रेंच परवाना, विक्रीची पावती, हवाई बिल आणि कस्टमचं कागदपत्र एकाच फाइलीत कायम ठेवा.

पार्सल आलं की लगेच उघडू नका. एक-दोन दिवस ज्या खोलीत ठेवणार तिथेच बंद राहू द्या. चर्मपत्र हवेतलं पाणी झपाट्याने घेतं आणि सोडतं, अचानक बदल झाला तर ते वाकतं, पिळवटतं, शाईचे पापुद्रे सुटतात. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी. जुलैत मुंबईत किंवा कोकणात हवा ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून उघडं कपाट चालणार नाही. आम्लमुक्त पुठ्ठ्याचं फोल्डर, ते घट्ट झाकणाच्या पेटीत, आणि पेटीत ५० टक्क्यांवर तयार केलेलं सिलिका जेल. साधं कोरडं जेल भरमसाट घातलं तर उलटं नुकसान, चर्मपत्र ताठ होऊन आकसतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. दिवसा एसी, रात्री बंद, हा चढउतार स्थिर ६० टक्क्यांपेक्षा वाईट. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको.

डांबरगोळ्या अजिबात नको. त्यांची वाफ मेणात आणि राळेत मुरते. कसर आणि चर्मभक्षी किड्यांसाठी दर दोन महिन्यांनी पेटी उघडून पाहणं हाच इलाज. लॅमिनेशन, सेलोटेप, गोंद, इस्त्री, ओला बोळा, यातलं काहीही नाही. उष्णतेने चर्मपत्राचं प्रथिन सरसासारखं होऊन आकसतं आणि जुन्या, खराब झालेल्या तुकड्यात ते इस्त्रीच्या पुष्कळ खालच्या तापमानाला होतं. घडी कडक असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. नियंत्रित ओलाव्यात ती सैल करणं हे संवर्धकाचं काम. सुटणारी शाई असेल तर प्लास्टिकचं पाकीट टाळा, स्थिर विजेने पापुद्रे उचलले जातात.

भिंतीवर लावायचा मोह झाला तर खिडकीदार माउंट, जपानी कागदाच्या बिजागऱ्या, काच चर्मपत्राला टेकणार नाही इतकं अंतर, अतिनील रोखणारी काच आणि ५० लक्सच्या आतला उजेड. पाठीवरच्या नोंदींचे फोटो आधी काढून ठेवा. शिक्का किंवा त्याचा तुकडा असलेला दस्त उभा टांगायचाच नाही, वजन पट्टीवर येऊन चीर फाटते. आडवं ठेवून शिक्क्याखाली मऊ फोमचा खळगा करा. मेणावर पांढरी बुरशीसारखी साय आली तर ती बहुधा मेणाचीच असते. फडक्याने पुसू नका, ठसा झिजतो.